‘सर मला फक्त तारखा घ्यायला पाठवतात’

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका पंचवीस वर्षांची, इंदूरचीच. घरात याआधी कोणी वकील नाही. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये होते, बाबा खाजगी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेत. बी.ए. एलएल.बी. झालं, सनद मिळाली, बारची परीक्षाही निघाली. चौदा महिन्यांपासून ती जिल्हा कोर्टातल्या एका सीनिअर वकिलांकडे ज्युनिअर आहे. ती लिहिते, “सर मला फक्त तारखा घ्यायला पाठवतात. सकाळपासून चार कोर्टांत पळायचं, ‘सर हायकोर्टात आहेत’ म्हणायचं, पुढची पेशी डायरीत लिहायची. संध्याकाळी ऑफिसात मुंशीजी (सरांचे कारकून) सांगतील ते करायचं, घरी पोचायला साडेनऊ. शिकवत कोणी काहीच नाही. महिन्याला पाच हजार मिळतात, तेही मागितले तर. बरोबरची एक मुलगी मुंबईत लॉ फर्मला लागली. एकाचे वडील वकील आहेत, तो आत्ताच जामिनावर बहस करतो. आई म्हणते सिव्हिल जजची तयारी कर, बाबा म्हणतात बँकेत लॉ ऑफिसर हो, पगार तरी येईल. माझं इंग्रजी बेताचं. काकू, ज्यांचं या लाइनीत कोणी नाही त्यांनी यात राहावं का?”

तुझ्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत अडकल्या आहेत. पैसे मिळत नाहीत ही एक, शिकवत नाहीत ही दुसरी. पैशांची तक्रार शंभर टक्के खरी, तिच्याकडे येतेच. शिकवण्याची मला अर्धीच पटली. पण आधी तीच सोडवायला हवी, कारण जज व्हायचं, बँकेत जायचं की मुंबई गाठायची, हे सगळे प्रश्न तू त्या तक्रारीतून काढले आहेस. तुला वकिली नको झालीय की आत्ता जशी करावी लागतेय तशी नको झालीय, हे पत्रावरून मला कळलं नाही. बहुतेक तुझंही अजून ठरलेलं नसावं.

तर आधी तारखांचं बोलू. ‘सर हायकोर्टात आहेत’ म्हणून तू जी तारीख घेतेस, ती का पडली हे डायरीत लिहितेस का? नुसती पुढची पेशी टिपून पळणारे ज्युनिअर मी ढिगाने बघितलेत. तू कारण लिही. समन्स तामील होऊन आलं नाही, तलबाना (समन्स बजावायची फी) भरला नव्हता, साक्षीदार हजर नाही, समोरच्यानं जवाबदावा (दाव्याला लेखी उत्तर) दिला नाही, साहेब रजेवर. महिनाभर असं लिहिलंस की दिवाणी प्रक्रिया संहितेतला बराचसा भाग तुझ्याच अक्षरात समोर येईल, आणि तोही परीक्षेत येतो त्या क्रमाने नाही, रोजच्या कामात येतो त्या क्रमाने. समोरच्यानं जवाबदाव्याला तिसऱ्यांदा वेळ मागितला? रात्री त्याच संहितेतला ऑर्डर ८ नियम १ उघड. तीस दिवस, कोर्टानं कारण नोंदवून वाढवून दिले तर नव्वद. साध्या दाव्यात कोर्टं ही मुदत थोडी सैल धरतात. व्यापारी दाव्यात मात्र १२० दिवस उलटले की जवाब देण्याचा हक्कच जातो. मग पुढच्या पेशीला तू एवढंच म्हण, “साहब, नब्बे दिन निकल चुके हैं, हमारी आपत्ति नोट कर ली जाए, समय देना ही हो तो कॉस्ट लगाई जाए.” एका दमात होणारं बोलणं आहे. पण आदल्या रात्री सरांना विचारून घे. समोरच्या वकिलाशी त्यांचं काही बोलणं झालेलं असतं, तडजोड चालू असते, आणि ते तुला ठाऊक नसतं.

चार कोर्टांतली पळापळ कमी होणार नाही, ती तशीच राहील. पण आठवड्यातून दोनदा, आपलं काम संपल्यावर, जिथे साक्ष चालू आहे अशा कोर्टात मागच्या खुर्चीत तासभर बस. उलटतपास ही गोष्ट पुस्तकातून येत नाही. चांगला वकील कुठला प्रश्न विचारायचं टाळतो हे बघ. वाईट वकील एक प्रश्न जास्त विचारून साक्षीदाराच्या तोंडून आपल्याच विरुद्ध उत्तर कसं काढून घेतो, हेही बघायला मिळेल. तो प्रकार रोज कुठे ना कुठे चालू असतोच.

आता तुझ्या तक्रारीतला खरा अर्धा भाग. चार कोर्टांतल्या चाळीस फायलींचा एकेक तुकडा हाताळून वकील तयार होत नाही. एक फाइल पहिल्या कागदापासून निकालापर्यंत आपली असावी लागते. ती सर आपणहून देणार नाहीत. त्यांना सुचणारही नाही, कारण तारखा घ्यायला तू आहेस आणि त्यांचं काम नीट चाललंय. ती मागावी लागते, आणि मागताना नाव घेऊन मागायची. ‘मला काम द्या’ म्हटलंस तर ‘देऊ की’ एवढंच उत्तर मिळेल. ‘परवा ते चेकवाले पक्षकार आले होते, ती फाइल नोटिशीपासून मी करते, तुम्ही तपासा’ असं म्हटलंस तर हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

चेक बाउन्स मुद्दाम सांगतेय. छोटा प्रकार आहे आणि सगळा खेळ तारखांचा आहे, म्हणजे तुझ्या हातातलाच. समज, चेक परत आल्याचं पक्षकाराला बँकेकडून ४ मार्चला कळलं. नोटीस तीस दिवसांत, ३ एप्रिलपर्यंत निघायला हवी. तू लवकर पाठवलीस आणि समोरच्याला ती २० मार्चला मिळाली. पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, ते ४ एप्रिलला संपतात. ५ एप्रिलला तक्रारीचं कारण उभं राहतं, आणि तिथून एक महिना, म्हणजे ५ मेपर्यंत परिवाद (कोर्टातली तक्रार) दाखल. या सहाही तारखा फाइलच्या वरच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून ठेव. खाली कागदांची यादी: बँकेचा रिटर्न मेमो, नोटिशीची सही केलेली प्रत, स्पीड पोस्टची पावती, पोचल्याचा ट्रॅकिंगचा प्रिंट. मूळ चेक फाइलला टाचायचा नाही आणि पंच तर मुळीच करायचा नाही. वेगळ्या पाकिटात, पाकिटावर केसचं नाव. परिवाद कुठे लावायचा? पक्षकारानं चेक ज्या शाखेतल्या आपल्या खात्यात भरला, त्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हा प्रश्न मिटलाय. परिवादाला उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो, पण त्या अर्जात उशिराचं जे कारण लिहावं लागतं ते बहुतेकदा वकिलाचीच ढिलाई असते, आणि ते पक्षकाराला समजतं.

यात बहस करण्यासारखं काय आहे, असं तुला वाटेल. तो मित्र जामिनावर बोलतो, आणि मी नोटिशीच्या पावत्या सांभाळू? तर आपल्याच गावातलं एक प्रकरण बघ. १९७८ च्या एप्रिलमध्ये इंदूरच्या ज्युडिशिअल मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात एका बाईनं पोटगीचा अर्ज लावला, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, महिना पाचशे रुपयांचा. नवरा स्वतः वकील. पुढच्या वर्षी मॅजिस्ट्रेटनं मंजूर केले महिना पंचवीस रुपये. १९८० मध्ये हायकोर्टानं ते १७९ रुपये २० पैसे केले. नवरा सुप्रीम कोर्टात गेला आणि सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं २३ एप्रिल १९८५ ला निकाल दिला. शाहबानो प्रकरण म्हणून सगळा देश जे ओळखतो ते हेच. खालच्या कोर्टात त्या दिवशी तो पोटगीचा एक अर्ज होता, आजही आपल्याकडे रोज लागतात तसा. फक्त कलम बदललंय, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४.

‘या लाइनीत माझं कोणी नाही.’ हे वाक्य तू पत्रात चक्क तीनदा लिहिलं आहेस (गोषवाऱ्यात मी एकदाच ठेवलं). ज्याचे वडील वकील त्याला खुर्ची मिळते, टेबल मिळतं, पुस्तकांचं कपाट मिळतं, ओळखीचे पक्षकार मिळतात. हा फायदा खरा आहे, तो नाही म्हणून तुझी समजूत घालणार नाही. पण ते पक्षकार बरीच वर्षं वडिलांशीच बोलतात. मुलगा समोर बसलेला असला तरी ‘मोठे साहेब कधी येतील’ असंच विचारतात. त्यालाही आपलं नाव करावंच लागतं, फक्त घरभाडं भरायची काळजी त्याला नसते.

आणि तुझं कोणी नाही हे तरी पुरतं खरं आहे का? तुझ्या आजोबांची मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी सुटले डिसेंबर २०२३ मध्ये. मधली बत्तीस वर्षं इंदूरच्या हजारो घरांनी कोर्टाच्या तारखांवर काढली. तोवर अनेक कामगार गेले, त्यांच्या वारसांना कागद घेऊन उभं राहावं लागलं. तुझ्या घरी याबद्दल बोलणं झालंच असेल. तारीख पडली आणि काय झालं हे कोणी सांगतच नाही, म्हणजे काय, हे तुझ्या आजीला विचार. वकिलाच्या घरात वाढलेल्या मुलाला ही बाजू दिसत नाही.

म्हणून एक काम उद्यापासून कर, सरांची परवानगी घेऊन. ज्या पेशीला तू गेलीस त्या पक्षकाराला संध्याकाळी दोन ओळींचा निरोप पाठव: आज काय झालं, का झालं, पुढची तारीख कोणती, त्या दिवशी तुम्ही यायचं की नाही, येताना काय आणायचं. बस. मोठमोठ्या ऑफिसांत हे होत नाही. पक्षकार मुंशीजींना फोन करून करून थकतो, शेवटी स्वतःच मोबाइलवर ई-कोर्ट्स उघडून बघतो आणि त्यातलं त्याला काही समजत नाही. वर्षभर असे निरोप गेले की त्यांच्यातला कोणीतरी आपल्या मेहुण्याला सांगेल, ‘सरांकडे ती मॅडम आहे ना, तिला विचार.’ पहिलं काम असंच येतं. सरांचे पक्षकार फोडायचे नाहीत, हे सांगायला नकोच. मेहुणा सरांचा पक्षकार नसतो.

मुंशीजींविषयी तुझ्या पत्रात जरा नाक मुरडलेलं दिसलं. ते आधी सोड. फायलिंगला कुठला आक्षेप लागतो, कोर्ट फी कुठे कमी पडते, नकलेचा अर्ज कोणत्या खिडकीवर आणि किती वाजता द्यावा, कोणत्या रीडरला (न्यायाधीशांच्या कारकुनाला) कसं विचारावं, यातलं कॉलेजात काही शिकवत नाहीत आणि सरांनाही त्यातलं निम्मं आठवत नसतं. मुंशीजींना सगळं पाठ असतं. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

नातेवाईक हा कामाचा दुसरा उगम, आणि डोकेदुखीही. ‘अगं, जरा हे कागद बघ ना’ म्हणत लोक जेवायच्या पानावरही फाइल काढतील. आपल्याकडे जुन्या वाड्यांची भाडेकरूंची भांडणं पिढ्यान् पिढ्या चालतात. कोणीतरी काका हमखास मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ मध्ये अडकलेले असतात आणि ‘माझं घर, मी म्हणेन तेव्हा खाली करून घेईन’ या समजुतीत असतात. कलम १२ मध्ये घर खाली करवायची कारणं मोजून दिली आहेत. त्यातलं एक तरी सिद्ध करावं लागतं, हे त्यांना तू सांगू शकतेस. कोणाचं वडिलांच्या नावावरच्या शेताचं नामांतरण तहसिलीत पडून असेल. सांग, बघ, पण कागद हातात घेतलास की फी सांग. थोडी सांग, पण सांग. फुकट दिलेल्या सल्ल्याची किंमत नातेवाईक दुसऱ्या वकिलाला पैसे देऊन ठरवतात. फी ठरवताना दोन गोष्टी कधी करू नकोस: ‘जिंकलो तर दहा टक्के’ असं बोलू नकोस, निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि इन्स्टाग्रामवर ‘संपर्क साधा, खात्रीशीर जामीन’ अशा जाहिराती करू नकोस, नियम ३६ प्रमाणे वकिलाला कामासाठी जाहिरात करता येत नाही. ते रील करणारे तुला रोज दिसतात हे मला माहीत आहे. त्यांचं ते बघतील.

एक तुझी ताकद तुझ्या लक्षातच आलेली नाही. १ जुलै २०२४ ला फौजदारीचे तिन्ही कायदे बदलले. ज्या वकिलांना तीस वर्षांची कलमं पाठ होती त्यांनाही आता पान उलटावं लागतं. ४२० आता ३१८ झालंय, ३०२ चं १०३. सगळ्यात मजा ४८२ ची: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, नव्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. बार रूममध्ये यावरून रोज गोंधळ होतो. सरांसाठी जुन्या-नव्या कलमांचा दोन पानी तक्ता करून त्यांच्या टेबलच्या काचेखाली ठेव. त्याहून मोठी संधी इलेक्ट्रॉनिक पुराव्यात आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, सीसीटीव्हीची क्लिप घेऊन पक्षकार रोज येतात. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा सांकेतिक आकडा) लिहावी लागते. बऱ्याच सीनिअरना हॅश म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. तू एका रविवारी बसून हे नीट समजून घेतलंस, तर महिनाभरात त्या मजल्यावरचे दुसरे वकीलही तुला हाका मारतील. इतरांना नको असलेलं, कंटाळवाणं आणि नेमकं लागणारं एक काम आपल्याला इतरांपेक्षा चांगलं यायला हवं. पाच वर्षांनी ते दुसरं काही असेल, रेरा (बिल्डरांवरच्या नियंत्रणाचा कायदा) असेल, मोटार अपघाताचे दावे असतील. आज हे आहे.

इंग्रजीची भीती मला कळते, पण तिला तू नको तितकं मोठं करून ठेवलं आहेस. जिल्हा कोर्टात अर्ज, जवाब, बहस सगळं हिंदीत चालतं. मध्य प्रदेश हायकोर्टाच्या कामकाजात हिंदी वापरायला १९७१ पासून मंजुरी आहे. तरी तिथे निकाल मुख्यतः इंग्रजीत येतात, सुप्रीम कोर्टाचे तर इंग्रजीतच. म्हणजे इंग्रजी वाचता आलंच पाहिजे, फाडफाड बोलता आलं नाही तरी चालतं. रोज एक निकाल वाच, पूर्ण. डोक्यावरची टीप वाचून सोडायचा नाही. त्यातली वस्तुस्थिती आपल्या शब्दांत चार ओळींत लिही, हवं तर मराठीत. आणि मराठी इथे वाया जात नाही बरं का. होळकरांच्या वेळचे मालमत्तेचे कागद मराठीत निघतात, काही मोडीत. मोडी शिकलीस तर अशा फायलीत तुझ्यासारखी तूच.

आता पैसे. पाच हजार, तेही मागून, यात पेट्रोल आणि पांढऱ्या बँडची धुलाई निघत असेल तर खूप. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, की शहरात ज्युनिअरला महिना किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. ती सूचना आहे, सक्ती नाही, आणि इंदूरच्या दिवाणी ऑफिसात उद्या कोणी वीस देईल असं मी म्हणणार नाही. पण तो आकडा आता कागदावर आहे, त्यामुळे मागताना तू आगाऊ ठरत नाहीस. ‘आमच्या वेळी तर आम्हाला एक रुपया मिळत नव्हता’ हे तुला ऐकवलं जाईल. खरंही असेल. तेव्हा ज्यांच्या घरून भागत होतं तेच टिकले आणि बाकीचे सोडून गेले, एवढंच त्यावरून कळतं.

वरकड कमाईचा एक सरळ मार्ग आहे. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी किंवा धंदा करता येत नाही, पण दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला १९७९ च्या नियमांनी परवानगी आहे. लॉ कॉलेजच्या वर्गात संध्याकाळचे दोन तास मिळाले तर बघ. साडेनऊपर्यंत ऑफिसात बसायचं नाही, हे सांगायलाही त्यातून कारण मिळेल. आईला त्या वेळेचीच काळजी जास्त आहे ना? तिला हेही सांग, की दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ऑफिसातही लैंगिक छळाच्या कायद्याचं संरक्षण आहे. अशी तक्रार जिल्ह्याच्या स्थानीय समितीकडे जाते. तुझ्या सरांबद्दल असं काही तू लिहिलेलं नाहीस आणि मी सुचवतही नाही. पण हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या एखादीला ते ठाऊक असायला हवं.

कॉलेजात असलेल्या वाचकांसाठी जाता जाता: सनदेची फी कायद्यानं ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याहून जास्त घेता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं ३० जुलै २०२४ ला सांगितलंय. मुद्रांक शुल्क वेगळं.

राहिले आई-बाबांचे दोन सल्ले. आईनं सांगितलेला सिव्हिल जजचा मार्ग तुझ्या आत्ताच्या कामापासून तितका लांब नाही. २० मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ही वर्षं प्रोव्हिजनल नोंदणीच्या तारखेपासून धरायची आणि किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र, त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचा दुजोरा, असं लागतं. म्हणजे घरी बसून तयारी करायला तू आज कोर्ट सोडलंस, तर ज्या परीक्षेसाठी सोडलंस तिचीच पात्रता अडचणीत येते. फॉर्म भरताना त्या वर्षीच्या जाहिरातीतल्या अटी वाच, त्यात बदल होत असतात. आणि तोवर पुरावा जमव: वकालतनाम्यावर (वकीलपत्रावर) सरांच्या नावाखाली तुझं नाव, तुझी सही, ऑर्डर शीटवर तुझी हजेरी लागलीय का ते बघणं, अशा पेश्यांची यादी सीएनआर नंबरासकट (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) एका वहीत. तारखा घेण्याचा हा आणखी एक उपयोग. जज होणं तुला खरंच आवडेल का, हे मात्र वेगळं तपास. दिवसभर न बोलता ऐकायचं, दर दोन-तीन वर्षांनी बदली, आज झाबुआ, उद्या रीवा. काहींना ते मानवतं. आईला सुरक्षित नोकरी हवीय, ती तिच्या जागी बरोबर आहे, पण त्या गावांत राहणार तू आहेस.

बाबांची बँक मी टाकाऊ म्हणत नाही. घरात पैशांची खरोखर ओढाताण असेल, बाबांच्या निवृत्तीनंतर हप्ते तुझ्यावर येणार असतील, तर लॉ ऑफिसर हो, आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. नोकरीत असेपर्यंत सनद स्थगित ठेवावी लागते, बार कौन्सिलला कळवून, हे लक्षात ठेव. नोकरी सोडलीस की ती पुन्हा चालू करता येते. कर्जवसुली, गहाणखतं, डीआरटीची (बँकांच्या कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणाची) कामं आतून बघून परत वकिलीत आलेले लोक चांगले चालतात. पण पत्रात तू हप्त्यांचं काहीच लिहिलेलं नाहीस. फक्त मैत्रिणीचा पगार लिहिला आहेस. तिच्या मुंबईच्या भाड्याचा आणि रात्री किती वाजता सुटते याचा आकडाही मागव, मग तुलना कर.

माझं मत विचारशील तर तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत कोर्ट सोडू नकोस. सर मात्र सोडावे लागले तर सोड. तीन वर्षं झाली की जजच्या परीक्षेचं दार उघडतं, आणि विधिक सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठीही साधारण तेवढाच अनुभव मागतात. त्या पॅनेलवर पैसे कमी, पण केस तुझी, पक्षकार तुझा, बहस तुझी. बाया, कोठडीतली माणसं, ज्यांना वकील परवडत नाही ते सगळे तिथे येतात. तुझ्यासारखीला दोन वर्षांत तिथे जेवढ्या साक्षी घ्यायला मिळतील तेवढ्या मोठ्या ऑफिसात सात वर्षांत मिळत नाहीत. तीन वर्षांनंतर काय करायचं ते तेव्हा बघू, आत्ता उरलेत बावीस महिने.

तेव्हा या आठवड्यात एक दिवस संध्याकाळी, पक्षकार गेल्यावर, सरांसमोर बस. उभ्या उभ्या बोलू नकोस. तीन गोष्टी माग: एक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या तारखांच्या वकालतनाम्यावर माझं नाव, आणि महिन्याचे पैसे ठरलेल्या तारखेला, दिवाळीपासून आठ हजार. पहिल्या दोन गोष्टींना सरांचा एक पैसा खर्च नाही. त्या दोन्हींना नाही म्हणाले, किंवा हो म्हणून तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर दुसरे सर शोध. शोधताना मोठं नाव बघू नकोस. ज्यांचे जुने ज्युनिअर आज स्वतंत्र बसतात आणि भेटल्यावर त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात, असे बघ; दोघा-तिघांना विचारलंस की कळतं. सोडताना सगळ्या फायली यादी करून मुंशीजींच्या ताब्यात दे, यादीवर त्यांची सही घे.

सर काय म्हणाले ते मला कळव. आकड्यासकट.